सरावातला पंजा

पंजा लढवणाऱ्या बड्या खेळाडूंच्या सरावाचे व्हिडिओ बघून निकाल सांगणारे फार झालेत. "अमक्याने त्याला सरावात पाडलं, आता संपला तो!" अहो, सराव म्हणजे सामना आहे का?

सरावात गडी मुद्दाम मनगट मागे पडू देतो आणि तिथून परत यायला बघतो. ताज्या दमाचे जोडीदार एकामागून एक येतात. "रेडी, गो" म्हणणारा पंच बहुधा नसतोच, आणि सामन्यात पहिल्या झटक्यालाच अर्धं काम होतं. तेव्हा कोण किती वेळा पडला हे मोजू नका. मनगट कुठे उघडतं, पट्टा बांधल्यावर काय होतं, दमल्यावरही हात अडवता येतो का, हे बघा.

तरी एक गोष्ट राहतेच: समोरचा. जून २०२२ मध्ये दुबईत जॉर्जियाच्या लेवान सगिनाश्विलीने कॅनडाच्या डेव्हन लॅरॅटला ६-० हरवलं. लॅरॅट काही कच्चा गडी नव्हे, २००८ मध्ये त्याने जॉन ब्रझेंकसारख्या दिग्गजाला ६-० ने लोळवलं होतं. पण लेवानच्या ताकदीचा जोडीदार सरावाला आणणार कुठून?

टेस्टिंगमध्ये पास झालेला प्रोग्राम खऱ्या लोडखाली झोपतो, त्यातलाच हा प्रकार. सराव बघून तयारी सांगा, निकाल नको.