इंजिन तापले? आधी वारा पाहा!

आमच्या भिवंडीजवळच्या दापोड्यात गोदामांपुढे ट्रकांची रांग लागली आणि एखादे इंजिन तापले, की क्लीनर डबा घेऊन पाण्याला धावतो. ते पाहून शेजारच्या चिरंजीवांनी मला विचारले, "काका, विमानाचे इंजिन तापले तर आकाशात पाणी कोण देणार?"

प्रश्न मोठा शहाणा! बहुतेक छोट्या विमानांत रेडिएटरच नसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या 'पुस मॉथ'चे इंजिनही वाऱ्यावरच थंड होई. समोरून शिरलेला वारा पत्र्याच्या आडोशांनी अडवून सिलिंडरांभोवतीच्या पातळ कडांमधून काढतात. आडोशाचे रबर फाटले, की वारा फटीतून पळतो आणि सिलिंडर भाजतो.

म्हणून जाणता कारागीर आधी तापमानाचा काटा खरे बोलतो का, ते पाहतो. एकच सिलिंडर तापत असेल, तर त्याचा आडोसा आणि इंधनाची तोटी तपासतो. सगळेच तापत असतील, तर ठिणगीची वेळ, तेल थंड करणारी जाळी, वाऱ्याच्या तोंडातले पाखराचे घरटेसुद्धा! हे सोडून इंजिनच उघडणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चढताना काटा वर गेला, तर वैमानिकाने उंचीचा मोह सोडून नाक जरा खाली करावे. वेग वाढतो, तसा वाराही. मिश्रणात इंधन वाढवावे, तेही उष्णता शोषते. तरी काटा उतरेना, तर जवळची धावपट्टी गाठावी. बाकीचा शोध जमिनीवर!