दुर्मीळ कुणी केलं?

"यूट्यूबवर आहे की ते!"

जॅझच्या जुन्या, न मिळणाऱ्या रेकॉर्डी छोट्या लेबलांनी पुन्हा काढायला हव्यात, असं म्हटलं की माझ्या वयाच्या आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांकडून हे वाक्य हमखास येतं. कुणीतरी तबकडी फिरवली, आवाज पकडला, फाइल चढवली, विषय संपला. दुसऱ्या बाजूला संग्राहक. त्यांचं म्हणणं, सगळ्यांनाच मिळाली तर मग तिच्यात दुर्मीळ काय राहिलं? मला या दोघांशीही भांडायचं आहे, पण आधी तिसऱ्याशी. तो या वादात कधी तोंड उघडत नाही, कारण त्याला गरजच पडत नाही. मास्टर टेप त्याच्या गोदामात असते.

अमान्सिओ डिसिल्वाचं उदाहरण घ्या. १९३६ साली मुंबईत जन्मलेला गोवन गिटारिस्ट, साठच्या दशकात लंडनला गेला. १९६९मध्ये त्याचे 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो' हे दोन अल्बम आले. दुसऱ्यात त्याच्यासोबत जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट होता. १९७२मध्ये डिसिल्वाने आणखी एक अल्बम रेकॉर्ड केला. नाव 'कोंकण डान्स'. तो लोकांच्या हातात पडला २००६ साली, व्होकॅलियन या छोट्या ब्रिटिश लेबलमुळे. डिसिल्वा १९९६मध्येच गेला होता.

चौतीस वर्षं. टेप जळाली नव्हती, हरवली नव्हती, तसं असतं तर २००६मध्ये ती वाजलीच नसती. ती होती. ती बाहेर काढावी असं कुणाला वाटलं नाही, इतकंच. आपण 'दुर्मीळ' हा शब्द असा वापरतो, जणू तो त्या रेकॉर्डचा अंगभूत गुण आहे. माळढोक दुर्मीळ, तशी ही रेकॉर्ड दुर्मीळ. (माळढोकही माणसानेच दुर्मीळ केला, पण ते असो.) रेकॉर्ड ही मुळात हजारो प्रती काढायलाच जन्मलेली वस्तू. ती मिळत नाही याचा अर्थ कुणीतरी ती काढायचं थांबवलं, आणि दुसऱ्या कुणाला काढूही दिली नाही.

याला आकड्याचा आधार आहे. २००५ साली टिम ब्रूक्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल रेकॉर्डिंग प्रिझर्वेशन बोर्डासाठी एक पाहणी केली. १८९० ते १९६४ या काळातल्या महत्त्वाच्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांपैकी किती आज विकत मिळतात, हा प्रश्न. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी स्वतः उपलब्ध केलेली निघाली सरासरी १४ टक्के. ज्यांच्याकडे हक्क नव्हते अशा परदेशी आणि छोट्या मंडळींनी काढलेली, २२ टक्के. पाहणी सीडीच्या जमान्यातली आहे आणि फक्त जॅझची नाही, हे मान्य. पण मालकापेक्षा परक्यांनी जास्त जपलं, हे तिचं उत्तर स्ट्रीमिंगने फारसं बदललेलं नाही. मोठ्या नावांचे अल्बम सगळीकडे आहेत. त्यांच्या मागे बसून वाजवणारे कुठेच नाहीत.

आता कायदा. थोडा धीर धरा, कारण खरी गंमत इथेच आहे. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९चा. युरोपात तेव्हा ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता, त्यामुळे तो तिथे २०१०च्या सुरुवातीला मोकळा झाला. पुढे युरोपने मुदत सत्तर वर्षांवर नेली, पण जे आधीच सुटलं होतं ते सुटलंच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला साठ वर्षं, म्हणजे २०२०च्या सुरुवातीला मोकळा. अमेरिकेत १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२पर्यंतची सगळी ध्वनिमुद्रणं १५ फेब्रुवारी २०६७पर्यंत बंद. २०१८च्या कायद्याने तसं ठरवलं. एकच तबकडी, तीन देश, तीन उत्तरं. शिवाय ती वाजवलेली चाल ज्याने रचली त्याचे हक्क वेगळे, त्यांचा हिशेब वेगळा.

याचा परिणाम काय झाला ते बघा. युरोपात अशी लेबलं उगवली की जी पन्नासच्या दशकातले गाजलेले जॅझ अल्बम उचलतात, बरेचदा सरळ सीडीवरूनच आवाज घेतात, जाड चकचकीत व्हिनायलवर छापतात आणि स्वस्तात विकतात. सगळं कायदेशीर. वादकाच्या वारसाला एक पै देण्याची सक्ती नाही. आणि काढतात काय? जे आधीच सगळीकडे मिळतं तेच, कारण खपतं तेच. उलट, १९७१ साली एखाद्या शहरातल्या चार वादकांनी स्वतःच्या पैशाने काढलेली पाचशे प्रतींची रेकॉर्ड शोधून, त्यातल्या हयात माणसाला गाठून, त्याला पैसे देऊन ती पुन्हा काढायची म्हटली, की कायदा पूर्ण ताकदीने आडवा येतो. आळशाला रस्ता मोकळा, प्रामाणिकाला नाकाबंदी.

अमेरिकी कायद्यात एक खिडकी ठेवली आहे म्हणा. १९७२पूर्वीची एखादी रेकॉर्ड बाजारात कुठेच नसेल, तर नीट शोध घ्या, कॉपीराइट कार्यालयात सूचना दाखल करा, नव्वद दिवसांत मालकाने हरकत घेतली नाही तर वापरा. पण व्यापारी वापर नको. खर्च भरून काढण्याइतपत चालवून घेतील. म्हणजे रेकॉर्ड विकून चार पैसे मिळवायचे आणि त्यातले दोन त्या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याला द्यायचे, असा धंदा मनात असेल तर खिडकी बंद.

गेली दोन वर्षं मी एका मित्राच्या होऊ घातलेल्या लेबलची स्प्रेडशीट सांभाळतो. सुट्टीच्या दिवशीचा उद्योग. त्यात 'परवानगीची स्थिती' असा एक रकाना आहे आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'उत्तर नाही' हा आहे. एका कंपनीने मात्र उत्तर दिलं. ही रेकॉर्ड आमच्या यादीत सापडत नाही, म्हणाले. मग आम्ही काढू का? नाही, हक्क आमचे असू शकतात. मग तपासून सांगाल का? त्यासाठी ती यादीत असायला हवी. मी रोज तिकिटं बंद करण्याचं काम करतो. इतकं सुंदर बंद केलेलं तिकीट मी अजून पाहिलेलं नाही.

आता आमच्या यूट्यूबवाल्यांकडे वळतो. मित्रहो, आपल्या कामात रिपॉझिटरीमध्ये लायसन्सची फाइल नसेल तर आपण तो कोड वापरत नाही. पहिल्या नोकरीत पहिल्या महिन्यात हे शिकवतात. मग संगीताच्या बाबतीत 'कुणीतरी टाकलंय' हे कसं पुरतं? आणि हक्क सोडा, आवाजाचंच बोलू. '७८ आरपीएम'च्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८नेच फिरायच्या असं नाही. एखादी ८०ने रेकॉर्ड झालेली असेल आणि तुम्ही ती ७८वर वाजवली, तर स्वर सुमारे ४४ सेंट उतरतात. हार्मोनियमवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जे अंतर आहे, त्याच्या जवळजवळ निम्मं. सुईची जाडी चुकली की खाचेचा झिजलेला भागच ऐकू येतो. मग त्यावर कुणीतरी नॉइज रिडक्शन पूर्ण चढवतो. ड्रमवर ब्रश फिरतो तेव्हा येणारी सळसळ आणि तबकडीची खरखर यांतला फरक त्या अल्गोरिदमला कळत नाही. दोन्ही पुसली जातात. ड्रमर नाहीसा होतो आणि खाली कॉमेंट येते, 'क्रिस्टल क्लिअर!'

हे फक्त हौशी लोकांकडून होतं असंही नाही. त्याच 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू रेकॉर्ड करताना मास्टर मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तिच्यावरचे तीनही तुकडे विकलेल्या प्रत्येक प्रतीत चढ्या पट्टीत वाजत राहिले. ते दुरुस्त होऊन बाजारात आले नव्वदच्या दशकात. जगात सर्वाधिक खपलेल्या जॅझ अल्बमांपैकी हा एक, मालक गब्बर, टेप शाबूत. तरी तीस वर्षं! मग ज्याचा मालकच बेपत्ता आहे अशा रेकॉर्डची पट्टी कोण तपासणार? जो पुन्हा प्रकाशन करतो तोच. ते त्याचं काम आहे, आणि ते अपलोडच्या बटणात येत नाही.

नावांचंही तसंच. जुन्या तबकडीच्या लेबलवर बहुतेक वेळा बँडच्या म्होरक्याचं नाव, बस. मुंबईत चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या ट्रम्पेटवाल्याचं खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. हे कुणीतरी शोधलं, लिहून ठेवलं म्हणून माहीत. त्याच्या मागे बसलेल्या पोरांची नावं शोधायची तर पणजीत, मडगावात, वांद्र्यात जाऊन घरांची दारं वाजवावी लागतात. चांगल्या रीइश्यूबरोबर जी पुस्तिका येते, ती या दारं वाजवण्याची वही असते. 'अनोन आर्टिस्ट' असा टॅग लावलेली फाइल ही त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेली चोरी आहे.

उशिराची किंमत काय असते, हे बिल सॅव्हरीच्या संग्रहाने दाखवलं. हा ध्वनी-अभियंता तिशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरचं जॅझ थेट तबकड्यांवर उतरवून घ्यायचा. तबकड्या सुमारे ९७५. त्याने त्या आयुष्यभर जवळपास कुणाला ऐकवल्या नाहीत. तो २००४मध्ये गेला, आणि २०१०मध्ये हार्लेमच्या नॅशनल जॅझ म्युझियमने मुलाकडून संग्रह घेतला तेव्हा काही तबकड्या वाचवण्यापलीकडे गेल्या होत्या. ज्या वाचल्या त्या स्वच्छ करून उतरवल्या, आणि मग? पूर्ण ऐकायच्या तर म्युझियममध्ये जा. कारण त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाचे, म्हणजे त्यांच्या वारसांचे हक्क सोडवायचे होते. त्यातला काही भाग विकत मिळायला २०१६ उजाडलं, आणि सीडीचा संच मोझेक रेकॉर्ड्सने २०१८मध्ये काढला.

मोझेकबद्दल थांबून सांगायला हवं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकल कस्कुना आणि चार्ली लुरी यांनी सुरू केलेलं हे लेबल. पद्धत साधी: मोठ्या कंपनीकडून मर्यादित प्रतींचा परवाना घ्यायचा, पूर्ण संच नीट काढायचा, पोस्टाने विकायचा, आणि प्रती संपल्या की संपलं. पुन्हा छापायची परवानगी नाही. आपण 'लिमिटेड एडिशन' पाहून नाक मुरडतो, श्रीमंतांचे चोचले म्हणतो. काही लेबलांच्या बाबतीत ते खरंही आहे. रंगीत व्हिनायल आणि अंक घातलेलं स्टिकर लावून पैसे उकळणारे कमी नाहीत. पण कित्येकदा ती मर्यादा लेबलची नसते, परवाना देणाऱ्याची असते. मग तोच संच दहा वर्षांनी संग्राहकांच्या बाजारात दामदुपटीने फिरतो आणि त्यातला एक रुपया वादकाला जात नाही, लेबललाही नाही. संग्राहकांना माझं हेच म्हणणं आहे. तुमच्या कपाटातली प्रत शोधायला तुम्ही कष्ट घेतले, मान्य. पण ती उतरवून घ्यायला मागितली तर 'किंमत पडेल' म्हणून नाही म्हणता, तेव्हा तुम्ही त्या गोदामवाल्याचीच छोटी शाखा असता.

आणि कलावंताकडेच मालकी राहिली तर? १९७१ साली चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली कॉवेल यांनी न्यूयॉर्कमध्ये स्ट्राटा-ईस्ट काढलं. तिथे मास्टरची मालकी वादकाकडेच. रीइश्यू करणाऱ्याला हे त्रासाचं, कारण एका सहीने काम भागत नाही, प्रत्येक अल्बमसाठी वेगळा माणूस शोधावा लागतो. तरी मी हा त्रास आनंदाने पत्करेन. माणूस शोधला की तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. कंपनी दोन्ही म्हणत नाही.

म्हणून माझी मागणी हक्क रद्द करा अशी नाही. वापरा नाहीतर सोडा, अशी आहे. युरोपच्या २०११च्या निर्देशात याचं रोपटं आहे: पन्नास वर्षांनंतर कंपनी पुरेशा प्रती विकायला ठेवत नसेल, तर कलावंत वर्षभराची नोटीस देऊन करार मोडू शकतो. पन्नास वर्षांनंतर! पंचविशीत वाजवलेलं पंचाहत्तरीत सोडवून घ्यायचं. हीच मुदत वीस वर्षांची करा. वीस वर्षं बाजारात नसलेली रेकॉर्ड कुणीही काढावी, कलावंताचा ठरलेला वाटा आधी जमा करावा, मालक उगवला तर त्याचाही द्यावा. हरकत घेणाऱ्याने एका वर्षात स्वतः ती रेकॉर्ड काढावी, नाहीतर गप्प बसावं. याने मोठ्या कंपन्यांचं काय बुडेल? ज्यातून आज शून्य मिळतं त्यातून थोडं मिळेल.

आपल्यापुरतं तर तेवढंही थांबायची गरज नाही. क्रिकेट स्मिथ हा अमेरिकी ट्रम्पेटवाला १९३६ साली मुंबईत होता आणि त्याच्या बँडने इथेच 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' रेकॉर्ड केलं. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरच्या पुस्तकाला हेच नाव दिलं. त्या ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं केव्हाच सरली. त्या काळातल्या अशा आणखी किती तबकड्या इथल्या जुन्या घरांत, चोर बाजारात, बंद पडलेल्या रेडिओग्रामच्या खणात पडून असतील. चालीच्या हक्काचं तेवढं पाहायचं, पण आवाजासाठी कुणा गोदामवाल्याची परवानगी लागत नाही. आमच्या स्प्रेडशीटमध्ये या ओळी हिरव्या रंगाच्या आहेत. त्यांच्यापुढच्या 'चांगली प्रत कुणाकडे?' या रकान्यात आत्तापर्यंत चार नावं आहेत, आणि त्यातल्या तिघांनी प्रत घराबाहेर द्यायला नकार दिला आहे. चौथ्याकडे आम्ही येत्या रविवारी टर्नटेबल घेऊन जातो आहोत.