पॅकिंग वाचलं, छातीचं काय?

माझा भाचा इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीजवळ राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव जुन्या गाड्यांत. दोन वर्षांपूर्वी त्याने १९७२ सालची एमजीबी घेतली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे तिकडे अजूनही पुष्कळ दिसतात आणि हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये त्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात.

एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, एक्झॉस्टचं गॅस्केट पुन्हा उडालं. तिसरी वेळ. उष्णता फार होतेय. आता पाइपला हीट रॅप गुंडाळतो, म्हणजे गॅस्केट वाचेल." बोलता बोलता त्याने फोन फिरवून मला गाडी दाखवली. गाडीइतकंच माझं लक्ष फरशीकडे गेलं. तिथे राखाडी पूड सांडलेली होती. बाजूला ड्रिल मशीन आणि त्याला लावलेला गोल वायर ब्रश. आणि दोन पावलांवर वॉशिंग मशीन, त्यावर माझ्या नातीचे फ्रॉक.

"ही पूड कसली?" मी विचारलं.

"जुनं गॅस्केट चिकटलं होतं, ते घासून काढलं."

ते गॅस्केट आलं कुठून, हे विचारल्यावर तो खुशीत येऊन म्हणाला की, गाडीच्या आधीच्या मालकाने एक खोका दिला होता. त्यात सत्तरच्या दशकातले, न वापरलेले, 'ओरिजिनल' सुटे भाग होते. आता बाजारात मिळतात त्यापेक्षा ते चांगले, असं त्याचं मत. मी त्याला म्हटलं, "अरे, आधी त्या खोलीतून बाहेर ये आणि दार लावून घे. मग बोलू."

मी सरकारी रुग्णालयातला फिजिशियन. गाडीतलं मला जेमतेम कळतं. पण तापाबद्दल थोडंफार कळतं, आणि भाच्याचा प्रश्न मला तापाचाच वाटला. रुग्णाचा ताप उतरत नाही म्हणून त्याला क्रोसिनवर क्रोसिन देत राहणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो. ताप का आला, हे मात्र कुणी विचारत नाही.

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू जोरात गाडी चालवताना ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इंजिनाचं हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारं गॅस्केट, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत पॅकिंग, हा झोत झेलत असतं. शिवाय धातू तापला की पसरतो आणि निवला की आकसतो. पोलाद बिडापेक्षा जास्त पसरतं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून जास्त. म्हणजे गाडी चालू-बंद होते तेव्हा दोन बाजूंचे धातू त्या पातळ चकतीवर पुढे-मागे घासत राहतात. तिथे बोल्टचा दाब जरा कमी पडला की फट पडते. फटीतून गरम वायू सुटतो, कडा जाळतो आणि फट वाढत जाते.

एमजीबीत आणखी एक भानगड आहे. तिचं इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाच लांबलचक गॅस्केटवर बसतं. मधले काही बोल्ट दोघांना सामाईक. जाड वॉशर एका बाजूने अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेकच्या कानावर आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टच्या कानावर टेकतो. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच दोघांवर सारखा दाब येतो. भाच्याने मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून हौसेने स्टीलच्या नळ्यांचा बसवला होता. त्याचा कान इनटेकपेक्षा पातळ होता. त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी एक्झॉस्टच्या बाजूला दाबच पोहोचत नव्हता. हे निदान माझं नव्हे. त्याच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरने पट्टी लावून पाच मिनिटांत केलं. गंमत म्हणजे त्याच फटीतून इनटेकमध्येही बाहेरची हवा शिरत होती. त्याने पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. म्हणजे ज्या उष्णतेवर तो गॅस्केट उडाल्याचा आळ घेत होता, तिच्यातली थोडी त्या उडालेल्या गॅस्केटनेच निर्माण केली होती. असं दुष्टचक्र आम्हाला वॉर्डात नवीन नाही.

मग हीट रॅपचं काय? पाइपला गुंडाळलेली ही पट्टी उष्णता पाइपाच्या आत कोंडून ठेवते. बोनेटखालची हवा थंड राहते, शेजारच्या वायरी आणि कार्ब्युरेटर वाचतात, हे खरं. पण पाइपाचा धातू त्यामुळे थंड होत नाही, उलट जास्त तापतो, कारण त्याची उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. गॅस्केट त्याच धातूला चिकटलेलं. त्याला वाचवायला पाइपला गोधडी पांघरणं म्हणजे थंडी वाजते म्हणून तापलेल्या पोराला चार चादरींत गुंडाळण्यासारखं आहे. पावसात भिजलेली पट्टी ओल धरते आणि साध्या स्टीलचा पाइप आतून गंजून तडकतो, तो तोटा वेगळा. बोनेटखाली उष्णता कमीच करायची तर मध्ये हवेची फट ठेवून बसवलेला पत्र्याचा आडोसा किंवा पाइपावर सिरॅमिकचा लेप बरा. पण त्याआधी इंजिन जास्त का तापतंय ते पाहावं: मिश्रण पातळ आहे का, ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय का, रेडिएटर आणि सायलेन्सर मोकळे आहेत का.

आता त्या राखाडी पुडीकडे येतो, कारण हा लेख खरं तर तिच्यासाठीच आहे.

जिथे जिथे आच होती, तिथे तिथे गेल्या शतकात एकच स्वस्त आणि गुणी वस्तू वापरली गेली: अ‍ॅस्बेस्टॉस. दगडातून निघणारा धागा. जळत नाही, कुजत नाही, विणता येतो, दाबून चकती करता येते. हेडचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, बॉयलरची दोरी, सगळ्यांत तोच. जी गोष्ट न जळता, न कुजता टिकते, ती फुफ्फुसातही तशीच टिकते, ही त्याची दुसरी बाजू. डोळ्यांना न दिसणारे धागे श्वासातून खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. कुणाला त्यातून फुफ्फुस कडक होत जाण्याचा अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि कुणाला मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर. शेवटच्या आजाराचं बीज पडल्यापासून तो दिसेपर्यंत साधारण वीस ते पन्नास वर्षं जातात. ब्रिटनने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही १९९९ साली बंदी आणली, तरी आज तिथे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मेसोथेलिओमाने मरतात. ही जुन्या श्वासांची उधारी आहे.

वेगवान गाड्यांच्या शौकिनांना स्टीव्ह मॅक्क्वीन हे नाव सांगायला नको. 'बुलिट' आणि 'ल माँ' या चित्रपटांचा नायक, स्वतः रेसिंग करणारा. १९७९च्या अखेरीस त्याला मेसोथेलिओमाचं निदान झालं आणि ७ नोव्हेंबर १९८० रोजी तो गेला. वय ५०. त्या काळातल्या रेसिंगच्या अग्निरोधक पोशाखांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. आणि तरुणपणी अमेरिकी मरीनमध्ये असताना जहाजाच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण खरवडून काढायचं काम शिक्षा म्हणून त्याला दिलं होतं, असं सांगतात. यातल्या नेमक्या कुठल्या श्वासाने घात केला हे कुणीच ठरवू शकणार नाही. पण गरम पाइपावरचं वेष्टण खरवडणारा तरुण पोरगा डोळ्यांसमोर आणला की मला भाच्याचा वायर ब्रश आठवतो.

घाबरवायचा उद्देश नाही. एकदा गॅस्केट घासल्याने कॅन्सर होतो असं कुठलाही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. गाडीच्या मिस्त्रींवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. जहाजबांधणीतल्या किंवा लॅगिंगच्या कामगारांइतका धोका त्यांच्यात दिसलेला नाही. दाबून बसवलेल्या चकतीतले धागे बांधलेले असतात; ती हाताळली म्हणून काही होत नाही. कोरडी चकती वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने घासली, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली की धागे सुटतात. पण अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कॅन्सर करतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कधीच स्पष्ट केलं आहे, आणि 'इतकं चालेल' अशी सुरक्षित पातळी कुणी दाखवलेली नाही. मग रोज, तीस वर्षं, तोंडाला फडकं न बांधता हे करणाऱ्याला मी काय सांगू?

हा रोज करणारा माणूस कॉव्हेन्ट्रीत नाही, आपल्या नाक्यावर आहे. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ साली थांबलं, पण पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि वापर आजही कायदेशीर आहे. बहुतेक माल सिमेंटच्या पत्र्यांत जातो. अमेरिकेने २०२४ साली पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला, त्यात ब्रेक लायनर आणि गॅस्केट यांची नावं स्पष्ट आहेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचा आरोग्याचा हक्क मान्य केला आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या. कारखान्यांविषयीच्या कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कळवायलाच हवा असा आजार आहे. पण तीन पाने, एक कॉम्प्रेसर आणि दोन पोरं एवढ्या भांडवलावर चालणारं गॅरेज कारखाना ठरत नाही. त्या पोरांची नोंद कोण ठेवणार?

आमच्याकडेही ती होत नाही, हे कबूल करतो. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवलं की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. आमच्या ओपीडीच्या कागदावर त्यासाठी रकाना आहे आणि गर्दीत त्यात 'मजूर' नाहीतर 'खासगी नोकरी' असं लिहिलं जातं. दम लागतो, छातीत पाणी आहे, क्षय असेल, या क्रमाने गाडी पुढे जाते. काही वर्षांपूर्वी असाच एक रुग्ण क्षयाच्या गोळ्या घेऊन घेऊन आमच्याकडे पोहोचला. तपासणीअंती मेसोथेलिओमा निघाला, तेव्हा कुठे मी त्याच्याजवळ बसून सगळं आयुष्य विचारलं. चौदाव्या वर्षापासून ब्रेक आणि क्लचचं काम. "साहेब, लायनर फुंकूनच साफ करायचो," तो म्हणाला. त्याच्या आजाराचं कारण तेच होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण हा प्रश्न त्याला आधी कुणीही विचारला नव्हता.

करायचं तेवढं फार अवघड नाही. जुनं पॅकिंग कशाचं आहे हे माहीत नसेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचंच समजावं. साबणाचं पाणी मारून ते भिजवावं, ओलं असतानाच हाताच्या पातीने सोलून काढावं. ग्राइंडर, वायर ब्रश, कॉम्प्रेसर नको. झाडू नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको. ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधावं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, कारण अशा कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. रुमाल बांधून उपयोग नाही. आणि विडी-सिगारेट सोडावी: अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी जातो. सरकारला एकच सांगणं आहे: पर्याय उपलब्ध असताना गाडीच्या सुट्या भागांत हा धागा कशाला हवा?

बुलेटच्या बेंड पाइपला पट्टी गुंडाळायची जी हौस हल्ली आपल्याकडे आली आहे, तिच्यासाठीही दोन शब्द. नव्या पट्ट्या बहुधा काचेच्या किंवा बसाल्टच्या धाग्याच्या असतात. अ‍ॅस्बेस्टॉससारख्या त्या नाहीत, पण कापताना खाज आणि खोकला देतात. हातमोजे घालून, पट्टी ओली करून काम करावं.

आणि गॅस्केट गळत असेल तर गाडी बंद खोलीत चालू ठेवू नये. भाच्याने थंडी होती म्हणून गॅरेजचं दार लावून इंजिन चालवून पाहिलं होतं आणि त्या संध्याकाळी डोकं दुखत होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण काही टक्के असतं. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं, आकडा छान दाखवतं. धुळीचा हिशेब चाळीस वर्षांनी होतो. याचा अर्ध्या तासात.

भाच्याने त्या खोक्यातली एक चकती प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आलं: पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. गॅरेज ओल्या फडक्यांनी पुसून घेतलं, खोका नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात गेला. फिटरने स्टीलच्या मॅनिफोल्डच्या कानाखाली जाडी भरून काढणारी पट्टी बसवली, नवं बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं गॅस्केट घातलं, बोल्ट गार इंजिनावर आवळले आणि गाडी तापून निवल्यावर पुन्हा एकदा पाहिले. आणलेला हीट रॅप तसाच पाकिटात आहे. वॉशिंग मशीन आता स्वयंपाकघरात हलवलंय, आणि त्यावरून माझी सूनबाई भाच्यावर अजून चिडलेली आहे.