तुलना कोणत्या दोन भाषणांची?

नाटकातील दोन भाषणांची तुलना करणारा युक्तिवादात्मक निबंध एम. ए.च्या विद्यार्थ्यांना लिहावयास सांगितला, की विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) हे नाटक हमखास निवडले जाते. भाषणेही ठरलेली असतात. एका बाजूस तिसऱ्या अंकातील सुखात्मे यांचे फिर्यादी पक्षाचे भाषण, दुसऱ्या बाजूस लीला बेणारेचे दीर्घ स्वगत. पुढील निबंध न वाचताही सांगता येतो. सुखात्मे यांची भाषा अलंकारिक व पोकळ, बेणारेची उत्कट व खरी. सबब बेणारेचे भाषण अधिक प्रभावी. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने हाच निबंध लिहिला होता आणि त्याला बरे गुणही मिळाले होते. आज मात्र असे वाटते, की त्यात भाषणांची निवडच चुकली होती.

ही जोडी आपल्याला सुचते ती ‘ज्यूलिअस सीझर’च्या संस्कारामुळे, असा माझा कयास आहे. त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात ब्रूटस गद्यात बोलतो, त्याच्याच परवानगीने अँटनी पद्यात बोलतो, आणि दोघांपुढे जमाव एकच असतो. ब्रूटसचा जयजयकार करणारा तो जमाव थोड्याच वेळात त्याचे घर जाळावयास निघतो. तुलनेला लागणारे माप नाटककारानेच रंगमंचावर उभे केले आहे. बेणारेच्या बाबतीत असे माप नाही. काशीकर घड्याळ पुढे करून तिला दहा सेकंदांची मुदत देतात. ती बोलू लागते तेव्हा इतर पात्रे थिजलेली असतात. तिचा एकही शब्द त्या कोर्टाच्या कानी जात नाही. ज्या भाषणाला रंगमंचावर श्रोताच नाही, त्याची गणना मन वळविणाऱ्या भाषणांत कशी करावयाची?

सुखात्मे यांच्या भाषणाचे खरे जोडभाषण संहितेत अगदी शेजारी आहे. ते सुखात्मे यांचेच आहे. कोर्टात फिर्यादी पक्षाचे वकील तेच आणि आरोपीचे वकीलही तेच. आरोपीच्या वतीने बोलण्याची वेळ येते तेव्हा ते जागा बदलतात, चेहरा उतरवतात आणि मोजक्या वाक्यांत गुन्हा मान्य करून दयेची याचना करतात. विद्यार्थी हा प्रसंग विनोद म्हणून सोडून देतात. वास्तविक युक्तिवादाच्या दृष्टीने नाटकातील सर्वांत भरीव सामग्री येथेच आहे. बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा. पण फिर्यादीच्या भाषणात सुखात्मे मध्येच तो बाजूस सारतात आणि त्याहून गंभीर गुन्हा म्हणून कुमारी मातृत्व पुढे आणतात. मनुस्मृतीतील स्त्रीस्वातंत्र्याविषयीच्या सुप्रसिद्ध वचनात आरोपीचे नाव गोवून त्यांनी पुराव्याची उणीवही भरून काढली आहे. बचाव करणाऱ्या वकिलाचा पहिला प्रश्न असावयास हवा होता, की नेमका आरोप कोणता? तो विचारला जात नाही. आरोप बदलणारा आणि त्या बदलाविषयी मौन पाळणारा माणूस एकच आहे. पहिल्या भाषणाचा विस्तार आणि दुसऱ्याचा संक्षेप यांचा अर्थ या मौनापासून लावावयास हवा. केवळ शैलीची तुलना करणाऱ्यास तो लागणार नाही.

मग फिर्यादीचे भाषण तरी कोणाचे मन वळविते? न्यायाधीशांचे नव्हे. काशीकर स्वतःच आसन सोडून साक्ष देऊन आलेले आहेत. त्यांचे मत अगोदर बनलेले आहे. सुखात्मे बोलतात ते आधीच जमलेल्या एकमताला भारदस्त भाषा पुरविण्यासाठी. आणि मातृत्वाच्या पावित्र्यापासून निघालेल्या या युक्तिवादाची परिणती काय? गर्भातील जीव नष्ट करावा, हा निकाल. भ्रूणहत्येच्या आरोपाचा शेवट भ्रूणहत्येच्या शिक्षेत होतो. आधारविधान व निष्कर्ष यांतील हा उघड विरोध किती उत्तरपत्रिकांत नोंदविलेला आढळतो? माझ्या पाहण्यात तरी फारच थोड्या. अलंकारांची यादी मात्र जवळपास प्रत्येकीत असते. अलीकडे तिच्या जोडीला ॲरिस्टॉटलच्या तीन संज्ञांचे रकानेही येतात.

वर्गात हे मांडले तेव्हा एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला: सर, स्वगत तुलनेतून वगळले तर कोर्टाने तिला बोलू दिले नाही, तसेच आपणही देत नाही असे होईल. आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे पूर्ण निरसन मला अजून करता आलेले नाही. इतकेच म्हणेन, की स्वगताला बचावाचे भाषण ठरविले, की आपण बेणारेला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि तिच्या यातनेला ‘प्रभावी’, ‘अधिक प्रभावी’ असे गुण देऊ लागतो. मामाविषयी, दामल्यांविषयी आणि पोटातल्या जिवाविषयी ती बोलते तेव्हा तिने कोणाकडे न्याय मागितला आहे, असे मला संहितेत दिसत नाही. त्या विद्यार्थिनीला ते दिसते. तिने तसे संहितेच्या आधारे सिद्ध करणारा निबंध लिहिला, तर मी तो माझ्या मताविरुद्ध असूनही आनंदाने वाचीन.