कासवाचा कट्टा

रुपयाएवढं कासव घरी आणताना ते वीसेक वर्षं जगेल आणि ताटलीएवढं होईल, हे कुणी सांगत नाही. मुलीच्या हट्टापायी आणलेलं आमचं लाल कानाचं कासव वर्षभर नुसतं पोहत होतं. कवच मऊ पडलं, तेव्हा डॉक्टरांनी मला खडसावलं : त्याला अंग सुकवून ऊन खायला जागा कुठाय? ऊन नाही तर 'ड' जीवनसत्त्व नाही, कवचाला कॅल्शियम नाही. खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही, काच अतिनील किरण अडवते.

मग थर्माकोल कापून मागचा खडक आणि उतरता कट्टा केला. उघडा थर्माकोल कासव कुरतडून गिळतं, म्हणून सिमेंटचे तीन हात दिले. पाणी बदलत महिनाभर भिजवून क्षार काढला. तरंगू नये म्हणून सिलिकॉननं काचेला चिकटवला. वर अतिनील किरणांचा दिवा लावला. कासव चढलं, पाय ताणून पडून राहिलं. मला लाज वाटली.

'कंटाळलात तर तळ्यात सोडा,' असं सांगणारे भेटतात. पण हे कासव मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आपल्या तळ्यात ते देशी कासवांचा घास आणि उन्हाची जागा बळकावतं. तेव्हा सोडू नका. मुळात आणूच नका. आणलंच असेल, तर आधी कट्टा बांधा.