फिल्टर लावावा कधी, काढावा कधी?

दिवाळी जवळ आली की घरोघरी कपाटातले कॅमेरे बाहेर निघतात आणि मला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "चांगला फिल्टर कोणता हो?" माझे उत्तर ठरलेले आहे. तुम्हांला कोणता प्रकाश नको आहे ते आधी सांगा, मग फिल्टरचे नाव सांगतो. गाळण्याने चहात कसलीही भर पडत नाही, चोथा तेवढा मागे राहतो. फिल्टरचेही तसेच. तो चित्रात काही घालत नाही. काही प्रकाश अडवतो, एवढेच.

कृष्णधवल फिल्मच्या काळात ही गोष्ट लगेच ध्यानात येई. निळे आकाश फिल्मवर पांढरेफटक उमटे आणि ढग त्यात विरून जात. पिवळा फिल्टर लावला की निळा प्रकाश थोडा अडे आणि ढग उठून दिसत. नारिंगीने आकाश अधिक गडद होई, तांबड्याने जवळजवळ काळे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १९२७ साली योसेमिटी येथील हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी दोनच कोऱ्या प्लेटी उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरने घेतली. मग वाटले, कड्याचा मनावर पडलेला दरारा यात उतरणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटीसाठी गडद तांबडा फिल्टर चढवला. आकाश काळेभोर झाले, कडा अंगावर आला आणि ते चित्र जगभर गाजले.

आज डिजिटल कॅमेऱ्याला हे रंगीत फिल्टर बहुधा लागत नाहीत. चित्र रंगीत घ्यावे आणि मागाहून संगणकावर कृष्णधवल करताना निळा रंग हवा तेवढा गडद करावा. बल्बचा पिवळेपणा घालवणाऱ्या निळ्या फिल्टरचे कामही आता कॅमेऱ्यातले 'व्हाइट बॅलन्स' करते. आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी असाच रंगीत फिल्टरांचा डबा घ्यायला निघाली होती. "काका, तेवढ्याच पैशांत नऊ येतात!" मी म्हटले, "बाळ, नऊ नकोत. एकच घे, पण पोलरायझर घे."

पाण्यावरून, काचेवरून किंवा ओल्या पानांवरून तिरपा परतणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावत असतो. पोलरायझरची पुढची कडी फिरवत गेले की एका जागी तो अडतो. पावसाळ्यात घाटातल्या झाडांवरची पांढरी चकाकी जाऊन खरा हिरवा रंग दिसू लागतो. तळ्याच्या काठाशी तळचे दगड दिसतात. संगणकाला हे साधणार नाही, कारण चकाकीखाली काय होते ते चित्रात उतरलेलेच नसते. त्याने कल्पनेने भरले तर ती कल्पनाच. आकाश गडद करायचे तर सूर्य आपल्या उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असावा. तो समोर वा पाठीशी असेल तर उपयोग थोडा. धातूची चकाकी याने जात नाही. इंद्रधनुष्य टिपताना मात्र जपावे. कडी नको तिथे फिरली तर इंद्रधनुष्यच नाहीसे होते!

दुसरा कामाचा फिल्टर करडा, म्हणजे 'एनडी'. तो सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच कमी करतो. दहा स्टॉपचा एनडी लावला की एक साठांश सेकंदाचे काम सुमारे सोळा सेकंदांवर जाते आणि धबधब्याचे पाणी रेशमासारखे मऊ दिसते. तिपाई मात्र हवीच. हा फिल्टर लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांच्या रक्षणासाठी तो केलेला नाही.

राहिला यूव्ही फिल्टर, जो नव्या लेन्सबरोबर दुकानदार हमखास गळ्यात मारतो. फिल्मला त्याचा उपयोग होता. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवण्याची सोय आधीच केलेली असते. समुद्रकाठची वाळू, खारे तुषार आणि घरातल्या लहानग्यांची बोटे यांपासून लेन्स वाचवायला तो ठीक. पण पणत्यांपुढे तोच वैरी होतो. साध्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. ज्योतीचा प्रकाश सेन्सरवरून उलटतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आदळतो आणि पुन्हा आत येतो. मग काळोखात खऱ्या पणत्यांबरोबर फिकट, उलट्या पणत्यांची आणखी एक रांग उमटते. कधी ती नेमकी आजीच्या चेहऱ्यावरच पडते. डोंगराचे चित्र पुढल्या वर्षी पुन्हा घेता येईल. मुलीचा दिवाळसण, घरात जमलेली चार पिढ्यांची माणसे, हे पुन्हा कसे जुळून येणार?

खरेदीविषयी थोडेसे. लेन्सच्या कडेवर छेद दिलेल्या वर्तुळाच्या खुणेपुढे ५२, ६७, ७७ असा आकडा असतो. तो फिल्टरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. घरात दोन-तीन लेन्स असतील तर सर्वांत मोठीच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहानांसाठी जोडकड्या घ्याव्यात. काच 'मल्टिकोटेड' असावी. परतणारा प्रकाश त्याने पुष्कळ कमी होतो.

आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिली पणती लागण्याआधी लेन्सवरचा फिल्टर काढून त्याच्या डबीत ठेवून द्यावा. त्या दिवशी समोरचा कोणताच प्रकाश आपल्याला नकोसा नसतो.