हेमाडपंतांच्या नावावर

वाशीम जिल्ह्यात काळ्या पाषाणाचं एखादं जुनं देऊळ दाखवून कोणी बांधलं असं विचारा. पारावरचे आजोबा चटकन सांगतील, हेमाडपंतांनी. त्यांनाही त्यांच्या आज्याने तेच सांगितलेलं असतं. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री, हे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे प्रधान, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ‘हेमाडपंती’च म्हटलं जाणारं अंबरनाथचं शिवालय मात्र शके 982 चं, सन 1060 चं. त्यांच्या दोनशे वर्षं आधीचं! तरी चुन्याविना दगडावर दगड बसवणं त्यांचं, मोडी लिपी त्यांची, बाजरीसुद्धा त्यांनीच आणली असं लोक सांगतात.

यात कोणी खोटं बोलत नाही. ज्या कामाचा कर्ता ठाऊक नाही ते लोक कानावरच्या सर्वांत मोठ्या नावावर चढवतात, आणि दोन पिढ्यांत ऐकीव गोष्टच आठवण बनते. आठवण कशी बदलते याच विषयावर केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचं 1932 चं पुस्तक आहे. अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांकडून आठवून लिहून घेतली. अनोळखी तपशील गळत गेले. कथेत सील मारायला निघालेले तरुण वाचकांच्या लेखी मासे धरायला निघाले.

वाशीमचं यात फार मोठं नुकसान झालं. वत्स ऋषींची कथा आणि पद्मतीर्थ हे कुंड गावाने जपलं, पण हेच गाव वत्सगुल्म या जुन्या नावाने वाकाटक राजांची राजधानी होतं हे पार विसरलं. 1939 साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राज्यवर्ष 37, वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात, नांदेडकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची नोंद. त्यातून वाकाटक राजा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि त्याची वाशीमची शाखा उजेडात आली.

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. सर्वसेनाचं नाव अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या शिलालेखात, पाचव्या शतकापासून कोरलेलंच होतं. अक्षरं झिजलेली, अभ्यासकांना एकच शाखा ठाऊक. त्यांनी तिथे ओळखीचा रुद्रसेन वाचला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी तिथे सर्वसेन वाचला, तो ताम्रपटाशी जुळला. लिपी जाणणाऱ्यांचे डोळे असे फसले, तर पारावरच्या आजोबांना कोणत्या तोंडाने हसायचं?

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या देवळापाशी फलक हवा. लेख असेल तर त्याचा शक आणि वाचन द्यावं, नसेल तर ‘बांधणारा अज्ञात’ असं स्पष्ट लिहावं, आणि गावात सांगितली जाणारी कथा त्याखाली, कथा म्हणूनच द्यावी.